सोनिकेटरनं लसीचं अँटिजेन काढायचंय? आधी पाणी तापवून बघा

आपल्या सराफ बाजारात जुनी साखळी धुवायला दिली की सोनार ती एका छोट्या स्टीलच्या टबात टाकतो, बटण दाबतो, किर्रर्र असा आवाज येतो आणि दोन मिनिटांत कडी-कडीतला मळ धुरासारखा पाण्यात सुटतो. ते मशीन आणि लस बनवणाऱ्या लॅबमधला सोनिकेटर, म्हणजे अल्ट्रासाउंडनं (कानापलीकडच्या आवाजानं) पेशी फोडणारं मशीन, हे एकाच घराण्यातले. सोनाराचं सौम्य, साधारण ४० किलोहर्ट्झचं, आणि आपलं २० किलोहर्ट्झचं, पण सगळी ताकद एका बोटाएवढ्या टायटॅनियमच्या दांड्यातून थेट द्रवात सोडणारं, त्यामुळे दणका कितीतरी मोठा.

मी आधी जनावरांच्या लसींच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) होते आणि आता नाशिकमध्ये एमएस्सीच्या पोरापोरींची प्रॅक्टिकल्स घेते. दरवर्षी तोच प्रश्न येतो, मॅडम सोनिकेटर किती टक्क्यांवर ठेवायचा? आणि दरवर्षी माझं तेच उत्तर, की टक्क्यांना काही अर्थ नाही. हे कळायला मला स्वतःला एक अख्खी बॅच घालवावी लागली होती, ते पुढे सांगतेच. हा लेख ई. कोलाय या जिवाणूच्या बिनधोक लॅब स्ट्रेनमध्ये (वाणात) बाहेरचं जनुक घालून बनवलेलं रिकॉम्बिनंट अँटिजेन, म्हणजे लसीतून शरीराला ओळखायला शिकवायचं प्रोटीन, बाहेर काढण्याबद्दल आहे, कारण शिकणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा हेच काम येतं. बाकीचे उपयोग शेवटी थोडक्यात.

आत नेमकं काय होतं

माझ्या मामांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, मोटर तशीच ओढत राहिली, आणि पंप उघडला तर इम्पेलरला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. मामा म्हणाले वाळूनं खाल्लं, फिटर म्हणाला वाळू नाही, बुडबुड्यांनी खाल्लं. फिटरचं बरोबर होतं. दाब अचानक कमी झाला की पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि दाब परत वाढला की ते आत कोसळतात, याला कॅव्हिटेशन म्हणतात.

सोनिकेटर हेच मुद्दाम घडवतो. आतला पिझोइलेक्ट्रिक क्रिस्टल वीज मिळाली की आकुंचन-प्रसरण पावतो (क्यूरी भावांनी १८८० मध्ये या क्रिस्टलांचा उलटा गुण, म्हणजे दाबलं की वीज, दाखवला होता). ती थरथर दांड्यातून टिपेपर्यंत, म्हणजे त्याच्या टोकापर्यंत जाते, टिप सेकंदाला २० हजार वेळा मायक्रॉनांच्या मापात पुढे-मागे हलते, आणि तिच्या खाली बुडबुडे जन्मतात नि फुटतात. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या पोटात क्षणभर हजारो अंशांचं तापमान आणि शेकडो वातावरणांएवढा दाब असतो, आजूबाजूला जे ओढ-ताणाचे झटके बसतात त्यात बॅक्टेरियाची भिंत फाटते. अल्ट्रासाउंडचे जिवंत पेशींवरचे परिणाम वुड आणि लूमिस यांनी १९२७ मध्येच लिहून ठेवलेत, म्हणजे हे तंत्र काही कालचं नाही.

एक गंमत, २० किलोहर्ट्झ माणसाच्या कानाच्या पलीकडचं, मग खोलीत एवढी किंचाळी कसली? ती त्या बुडबुड्यांची. गणपतीत नाशिक ढोलासमोर उभं राहिलं की छाती हादरते, इथे दाढा शिवशिवतात. कानाला इअर मफ हवेच, आणि प्रोबला, म्हणजे त्या टायटॅनियमच्या दांड्याला, साउंड बॉक्स असेल तर त्याचं दार बंद ठेवायचं, "मॅडम दिसत नाही म्हणून उघडं ठेवलं" हे चालणार नाही.

माझी गेलेली बॅच

नोकरीला लागून दोन महिने झाले असतील. सिनियर सुट्टीवर, वहीत लिहिलेलं "७०%, ५ मिनिटं". मी ४० मिली सस्पेन्शन (द्रवात कालवलेल्या पेशी) प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये घेतलं, ट्यूब बर्फाच्या खड्यांत खोचली, ७० वर नॉब लावला आणि सलग पाच मिनिटं चालवलं, पल्स (थोडं चालू, थोडं बंद) वगैरे काही नाही. बाहेर काढलं तर वर लस्सीसारखा फेस, खाली पांढरे गोळे, ट्यूब हाताला चटका देणारी. प्रोटीन उकडलं होतं. अंड्याचं जे होतं तेच.

नंतर कळलं की ती वही जुन्या मशीनची होती. नवीन मशीन जास्त वॅटचं, प्रोब वेगळा, त्यामुळे तिथले ७० आणि इथले ७० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. टक्का म्हणजे फक्त त्या मशीनच्या कमाल अँप्लिट्यूडचा (टिप किती पुढे-मागे हलते त्याचा) हिस्सा, द्रवात खरी ऊर्जा किती गेली ते तो सांगत नाही. म्हणून पहिली पायरी नॉबची नाही, थर्मामीटरची.

पायरी पहिली: मशीन किती वॅट देतंय ते स्वतः मोजा

थर्मास किंवा थर्माकोलचा जाड ग्लास घ्या, त्यात १०० मिली डिस्टिल्ड वॉटर, रूम टेंपरेचरचं. प्रोब दोनेक सेंटीमीटर बुडवा, बारीक थर्मामीटरचा सेन्सर बाजूला, टिपेला चिकटून नाही. तापमान लिहा. ठरवलेल्या नॉबवर बरोबर ६० सेकंद सलग चालवा, बंद करा, हलकं ढवळा, परत तापमान लिहा.

समजा २२ चं २८ झालं. १०० ग्रॅम पाणी गुणिले ४.१८ गुणिले ६, म्हणजे साधारण २,५०० ज्यूल, भागिले ६० सेकंद, म्हणजे जवळपास ४२ वॅट. हा तुमचा खरा आकडा. मशीनच्या स्क्रीनवर वेगळा वॅट दिसत असेल तर तो मशीननं ओढलेल्या विजेचा, पाण्यात उतरलेल्याचा नाही. असं ३०, ५०, ७० टक्क्यांवर तीन-तीन वेळा करा आणि कागद मशीनवर चिकटवून टाका.

आता या आकड्याची मजा बघा. ४० मिली सस्पेन्शनला ४२ वॅटनं निव्वळ ५ मिनिटं दिली तर १२,६०० ज्यूल झाले, मिलीला ३१५. तेच ज्यूल थंड न करता ४० मिलीत राहिले तर तापमान किती वाढेल? ७५ अंश! माझी ट्यूब का उकडली ते इथे उत्तर आहे, त्यात प्लास्टिक उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि बर्फाचे सुटे खडे ट्यूबला चार ठिकाणीच टेकतात.

अजून एक हिशोब. ५ सेकंदांच्या एका पल्समध्ये २१० ज्यूल, म्हणजे ४० मिलीला सव्वा अंश. तो सव्वा अंश पुढच्या पल्सच्या आधी बर्फानं ओढून घेतला पाहिजे, म्हणून १० सेकंद विश्रांती. ५ चालू १० बंद हा मंत्र कुठल्या पोथीतून आलेला नाही, या भागाकारातून आलाय. तुमचा वॅट जास्त असेल तर विश्रांती वाढवा.

पायरी दुसरी: प्रोब, भांडं, बर्फ

प्रोबची जाडी द्रवाच्या मापानं. काही मिलीच्या आत असेल तर ३ मिलिमीटरची मायक्रोटिप, १० ते ५० मिलीला ६ मिलिमीटरची, त्याच्या वर १३ मिलिमीटरची. मायक्रोटिप पूर्ण अँप्लिट्यूडवर चालवली तर तडकते, मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, मॅन्युअल कपाटात असतं, कपाटाची चावी सरांकडे असते, तरी शोधाच. आणि कुठलाही प्रोब हवेत चालू करून बघायचा नाही, "चालू आहे का बघतो" म्हणत हवेत चालवून टिप घालवलेले मी बघितलेत.

भांडं स्टीलचं, उभट आणि अरुंद. पसरट बीकरमध्ये कडेचं द्रव टिपेखाली येतच नाही. बर्फ नुसता नको, बर्फ फोडून त्यात पाणी आणि मूठभर मीठ घालून रबडी करा, म्हणजे भांड्याच्या सगळ्या अंगाला गारवा लागेल. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा एसी असला तरी बर्फ दुपटीनं लागतो, मध्ये एकदा बदलायची तयारी ठेवा. आणि मशीनला एक्स्टेंशन बोर्ड नको, अर्थिंग असलेला सॉकेट आणि स्टॅबिलायझर.

पायरी तिसरी: पेशी तयार करा

सेंट्रिफ्यूजमधून आलेला ओला पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) साधारण ५ ग्रॅम, त्याला ४० मिली गार बफर (पीएच टिकवून ठेवणारं द्रव). ट्रिस किंवा फॉस्फेट, पीएच ८ च्या आसपास, थोडं मीठ. पेलेट आदल्या रात्री गोठवून सकाळी वितळवला तर भिंत आधीच अर्धी कमकुवत होते आणि सोनिकेशनचा वेळ वाचतो. गोळी राहिली तर प्रोब ती फोडत बसतो, म्हणून आधी पिपेटनं वरखाली करून एकजीव करा, थालीपीठाचं पीठ नाही, घावनाचं पीठ हवं इतकं पातळ.

प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन कापणारी एन्झाइमं, थांबवायला पीएमएसएफ घालणार असाल तर अगदी सुरू करायच्या आधी, पाण्यात ते फार टिकत नाही, आणि विषारी आहे म्हणून ग्लोव्हज. लायसोझाइम (भिंत खाणारं एन्झाइम) घातला तर फोडणं सोपं होतं हे खरं, पण तो कोंबडीच्या अंड्यातून येतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला चालेल, लसीच्या प्रोसेसमध्ये मात्र नंतर तो पूर्ण काढला हे सिद्ध करत बसावं लागतं, अंड्याची ॲलर्जी असलेले लोक असतात. मी तरी टाळते.

पायरी चौथी: चालवणं

भांडं बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये. सोनिकेशननं बारीक तुषार उडतात, डोळ्याला दिसत नाहीत पण उडतात, स्ट्रेन बिनधोक असला तरी सवय हीच लावायची, आणि थांबल्यावर लगेच उघडायचं नाही, पाचेक मिनिटं बसू द्या.

टिप मधोमध, दीड-दोन सेंटीमीटर आत, तळापासून किमान सेंटीमीटरभर वर, भिंतीला कुठेही टेकलेली नाही. टिप वर राहिली तर ती हवा ओढते आणि फेस होतो, आणि फेस झाला की समजा प्रोटीन चाललं, कारण बुडबुड्याच्या पृष्ठभागावर प्रोटीन उलगडतं. शिवाय फेसात अल्ट्रासाउंड पुढे जात नाही, मशीन ओरडतं पण काम होत नाही. फेस आला तर थांबा, फेस बसू द्या किंवा गार सेंट्रिफ्यूजमध्ये हलकं फिरवा, टिप खोल करा, कमी अँप्लिट्यूडवर परत सुरू करा. नॉब वाढवून फेस जात नाही.

थर्मामीटर भांड्यातच ठेवा, मी १० अंशांच्या वर गेलं की थांबवते.

निव्वळ ५ मिनिटं म्हणजे ५ सेकंदांचे ६० पल्स, विश्रांतीसकट १५ मिनिटं. पण हे आंधळेपणानं करू नका. पहिल्यांदा करताना दर निव्वळ मिनिटाला अर्धा मिली काढून ठेवा, सहा ट्यूब होतील, शून्य मिनिटाची धरून. डोळ्यांनीही कळतं: आधी दुधासारखं गढूळ, मग घट्ट तारेसारखं चिकट, कारण आतला डीएनए बाहेर पडला, मग डीएनए तुटतो तसं परत पातळ आणि जरा पारदर्शक. तार यायची बंद झाली की तुम्ही जवळपास पोचलात.

पायरी पाचवी: कधी थांबायचं होतं ते शोधा

सहाही ट्यूब गार सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी वर फिरवा, वरच्या द्रवाचं ब्रॅडफर्ड (प्रोटीन मोजणारी रंगाची टेस्ट) करा, वेळेविरुद्ध ग्राफ काढा. रेघ चढत जाते आणि मग सपाट होते. सपाट जिथे सुरू होते तो तुमचा वेळ, त्याला लागलेले मिलीमागे ज्यूल वहीत लिहा, टक्के नाही. जोडीला न फिरवलेल्या नमुन्याची स्लाइड करून क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवा, अख्खे दंडगोल किती उरले ते दिसेल.

आता खरी गोम. ब्रॅडफर्ड सांगतं प्रोटीन किती, ते अँटिजेन शाबूत आहे का हे सांगत नाही. कोसळणाऱ्या बुडबुड्यांत पाण्याचे हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतात, ते प्रोटीनला गंजवतात, आणि लसीला हवा असतो तो प्रोटीनचा आकार, कारण शरीरातल्या अँटिबॉडी तो आकार ओळखायला शिकणार. म्हणून त्याच सहा ट्यूबांवर एलायझा (अँटिबॉडीनं अँटिजेन मोजणारी टेस्ट) करा, आणि तीही नीट घडी पडलेलंच प्रोटीन ओळखणाऱ्या अँटिबॉडीनं. कधी कधी ब्रॅडफर्ड पाचव्या मिनिटाला सपाट होतं आणि एलायझा तिसऱ्या मिनिटानंतर उतरायला लागते. अशा वेळी तीनवर थांबायचं, उरलेलं प्रोटीन गेलं तर गेलं.

एसडीएस-पेज जेलवर (प्रोटीनं लहान-मोठी अशी वेगळी करणाऱ्या) वरचं द्रव आणि खालचा पेलेट दोन्ही चालवा. अँटिजेन पेलेटमध्येच अडकलं असेल तर ते इन्क्लूजन बॉडीत (पेशीतल्या न विरघळणाऱ्या प्रोटीनच्या गोळ्यात) गेलंय, अजून सोनिकेट करून ते बाहेर येणार नाही, युरियानं विरघळवून परत घडी घालावी लागते, तो वेगळा उद्योग आहे.

इथे मला नेहमी जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन आठवतात. त्यांनी मुंबईत प्लेगची लस बनवताना अख्खे जिवाणू उष्णता देऊनच मारले आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. तिथे उष्णता हे हत्यार होतं. आपलं अँटिजेन एकटं, उघडं प्रोटीन, त्याला तीच उष्णता मारते.

फोडलं म्हणजे लस झाली नाही

सोनिकेशननं पेशी फुटते तेव्हा हव्या त्या प्रोटीनबरोबर सगळा कचराही बाहेर येतो. ई. कोलायच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन (ताप आणणारं विष), डीएनए, हजार इतर प्रोटीनं. जास्त वेळ दळलं तर भिंतीचे तुकडे इतके बारीक होतात की सेंट्रिफ्यूजला खाली बसत नाहीत आणि पुढचे शुद्धीकरणाचे कॉलम चोक होतात. ०.२२ मायक्रॉन फिल्टर बॅक्टेरिया अडवतो, एंडोटॉक्सिन नाही. आणि सोनिकेशन म्हणजे स्टेरिलायझेशन नाही, काही पेशी जिवंत राहतातच. लसीसाठी जंतू मारायचे तर फॉर्मलिन किंवा बीटा-प्रोपिओलॅक्टोन आणि त्यानंतर ते खरंच मेले का याची टेस्ट, सोनिकेटरच्या भरवशावर तिथे कोणी राहत नाही.

बाकी कुठे चालतं, कुठे नाही

पॉलिसॅकराइडच्या कॉन्जुगेट लसींमध्ये साखरेची लांबलचक साखळी प्रोटीनला जोडायच्या आधी आखूड करावी लागते, तिथे अल्ट्रासाउंड मस्त बसतं. ते साखळी बहुतेक मधल्या भागात तोडतं आणि एका लांबीच्या खाली जवळपास तोडणंच थांबवतं, त्यामुळे तुकडे बऱ्यापैकी सारखे मिळतात. ॲसिडनं तोडलं तर साखळीवरचे ॲसिटिल गट झडायची भीती असते, आणि टायफॉइडच्या व्हीआय साखळीत तर ते गट प्रतिकारशक्तीसाठी महत्त्वाचे. लांबी साइज एक्सक्लूजन एचपीएलसीवर (रेणू लहान-मोठे असे वेगळे करणाऱ्या मशीनवर) बघायची.

तेलाचे ॲडजुव्हंट, म्हणजे लसीचा परिणाम वाढवणारे पदार्थ. मिसळीची तर्री वर तरंगते तसं तेल वर तरंगू नये म्हणून इमल्शन करावं लागतं. इन्फ्लुएंझाच्या लसीसाठी १९९७ मध्ये इटलीत परवाना मिळालेल्या एमएफ ५९ या ॲडजुव्हंटमध्ये स्क्वालीन तेलाचे थेंब साधारण १६० नॅनोमीटरचे असतात, कारखान्यात ते हाय प्रेशर होमोजिनायझरनं करतात, पण लॅबमध्ये थोडं इमल्शन करून बघायला प्रोब उत्तम. तेल बाहेर आणि पाणी आत असं, कोंबड्यांच्या लसीसारखं इमल्शन जमलं का ते बघायला थेंब गार पाण्यावर सोडा, गोळा तसाच तरंगला तर जमलं, पसरला तर उलटं झालं. फक्त अँटिजेन घातल्यावर कमीत कमी सोनिकेट करा.

यीस्टच्या वाटेला जाऊ नका. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत जे यीस्ट दारू बनवतं त्याच्याच जातकुळीतल्या पेशींत हिपॅटायटिस बी चं अँटिजेन बनवतात, हैदराबादच्या शांता बायोटेकनं १९९७ मध्ये भारताची पहिली रिकॉम्बिनंट लस अशीच आणली. यीस्टची भिंत चिवट, सोनिकेटर तापत बसतो, तिथे काचमण्यांची गिरणी किंवा होमोजिनायझरच. एमआरएनएला तर प्रोब दाखवूसुद्धा नका, धागा तुटतो. तुरटीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या जेलवर अँटिजेन बसवून झाल्यावरही नको.

कारखान्यात गेलात तर गंमत वाटेल, तिथे सगळ्यात जास्त अल्ट्रासाउंड अँटिजेनला नाही, बाटल्यांना लागतं. व्हायल वॉशिंग मशीनमध्ये रिकाम्या व्हायल आधी अल्ट्रासोनिक टबातून जातात, अगदी सराफ बाजारासारखं. टब नीट चालतोय का ते बघायला ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा अर्धा मिनिट उभा धरा, सगळीकडे सारखे खळगे-भोकं पडली तर ठीक, एक कोपरा गुळगुळीत राहिला तर तिथला ट्रान्सड्यूसर (थरथर देणारा भाग) गेला. फॉइलचे कण पाण्यात उतरतात म्हणून नंतर ते पाणी बदलायचं, आणि नवीन पाणी भरल्यावर आधी दहा मिनिटं रिकामं चालवून विरघळलेली हवा काढायची.

टिपेची निगा

काम झालं की टिप डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही सेकंद चालवा, मग बंद करून ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. अल्कोहोलमध्ये बुडवून चालवायचं नाही, पेट घेऊ शकतं.

टिप उजेडात तिरकी धरून बघा. नवी आरशासारखी असते, मग राखाडी होते, मग मामांच्या इम्पेलरसारखे खड्डे. ते निघालेलं टायटॅनियम कुठे गेलं? तुमच्या अँटिजेनमध्ये. म्हणून मोठ्या उत्पादनात प्रोब नकोसा होतो. फाइलनं घासून खड्डे काढायला जाऊ नका, टायटॅनियममध्ये आवाज सेकंदाला साधारण ५ किलोमीटर जातो, २० किलोहर्ट्झला अर्धी लहर साडेबारा सेंटीमीटरची, दांड्याची लांबी त्या हिशोबानं कापलेली असते आणि ती बिघडली की ट्यूनिंग बिघडतं.

दर महिन्याला ती १०० मिली पाण्याची टेस्ट परत करा. त्याच नॉबवर सहाऐवजी चारच अंश चढले तर ४२ वॅटचे २८ झाले, स्क्रीनवर मात्र तेच ५०% दिसत राहणार. बदलता येणारी टिप असेल तर बदला, स्पॅनरनं कंपनीनं सांगितलेल्या ताकदीनंच आवळा, आणि मशीनवरचा जुना कागद फाडून नवीन आकडे चिकटवा.